शून्याखेरीज उत्तर नाही

मी आयुष्यात शंभराच्या वर शोधनिबंध तपासले आणि त्यातले निम्म्याहून जास्त नाकारून परत पाठवले. हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगत असे. बाकीचे परीक्षक दोन-दोन पानं खरडतात, मी चार ओळींत निकाल लावतो, असं म्हणून वर स्वतःच हसत असे. आता ते आठवलं की कान गरम होतात. त्यातल्या एका निकालाने मी एका बाईची नऊ वर्षं खाल्ली, आणि ते कळल्यावरही तीन वर्षं मूग गिळून बसलो. चुकीची मला तेवढी लाज नाही, चुका सगळ्यांच्या हातून होतात. लाज आहे ती त्या तीन वर्षांची, आणि एका दुपारची.

आधी थोडं गणित सांगावं लागेल. घाबरू नका, यातला अवघड भाग तेव्हा मलाही समजला नव्हता.

एखादी गोष्ट पुढे कशी बदलणार, हे बहुतेक समीकरणांत ती आत्ता केवढी आहे यावर ठरतं. काही समीकरणं मात्र दुसरीकडेच बघतात. माझी समीकरणं निम्म्याकडे बघणारी होती. दहाव्या मिनिटाला काय होणार हे पाचव्या मिनिटाला काय होतं त्यावर, विसाव्याला काय होणार हे दहाव्यावर. विजेच्या इंजिनाच्या टपावर तारेला घासत जाणारी एक चौकट असते, तिच्या हेलकाव्यांचा हिशोब मांडला की असली समीकरणं निघतात. मी त्यांच्यात पंचवीस वर्षं घालवली. स्वभावाने ती गरीब असतात. सुरुवातीला काय होतं तेवढं सांगा, पुढचं सगळं ठरून जातं. शून्यापासून सुरू केलंत तर शेवटपर्यंत शून्यच. याची सिद्धता चार ओळींची आहे आणि ती मला झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन.

तिचं समीकरण दुपटीकडे बघणारं होतं. सगळं घोडं तिथेच अडलं.

ती माझी विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसायची आणि मी फळ्याकडे हात करून ‘हे उघडच आहे, यात अधिक सांगण्यासारखं काही नाही’ म्हणालो की तिचा हात वर जायचा. तिला ते कधीच उघड नसायचं. मी तिचं नाव शंकाबाई ठेवलं होतं. ‘काय शंकाबाई, आज पोट भरलं का शंकांनी?’ असं मी विचारायचो आणि वर्ग हसायचा. ती पण हसायची. तिच्या निम्म्या शंका रास्त असायच्या, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. पुढे तिने दुसऱ्या एका गाइडकडे पीएच.डी. केली, आणि मग दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. सकाळी एकीकडे चार तास, दुपारी दुसरीकडे तीन, आणि मधल्या वेळात डबा बसमध्येच.

नऊ वर्षांपूर्वी एका नियतकालिकाच्या संपादकाने तिचा निबंध माझ्याकडे तपासायला पाठवला. त्यांच्याकडे निबंधावर लेखकाचं नाव असायचं, परीक्षकाचं नाव मात्र गुप्त. आपल्या जुन्या विद्यार्थिनीचा निबंध आपण तपासू नये, एवढं मला कळत होतं. पण तिने तो मला आधी दाखवला नव्हता, परस्पर पाठवला होता. ते मला झोंबलं. मी ठेवून घेतला.

निबंध पेशींवर होता. पेशी वाढते, वाढली की मधोमध दुभंगते, तिच्या दोन लहान पेशी होतात, त्या पुन्हा वाढायला लागतात. कणकेचा गोळा फुगू द्यावा, तोडून दोन करावेत, तेही फुगू द्यावेत, तसं. मग अमुक एका आकाराच्या पेशी किती सापडतील, हे त्याच्या दुप्पट आकाराच्या किती आहेत यावर अवलंबून राहणार, कारण लहान पेशी मोठी पेशी तुटूनच येते. आणि शून्य आकाराची पेशी नसते, म्हणून सुरुवात शून्यापासून. तिने या समीकरणाचं उत्तर काढून दाखवलं होतं, आणि एकाऐवजी दोन प्रकारे दुभंगणाऱ्या पेशींसाठीही ते चालतं हे सिद्ध केलं होतं. हा दुसरा भाग तोवर कुणी केलेला नव्हता.

मी लिहिलं: शून्याची दुप्पट शून्यच, म्हणून शून्यापाशी पहिलं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा वेग) शून्य. त्याच कारणाने दुसरं, तिसरं आणि पुढची सगळी शून्य. म्हणून फंक्शन सर्वत्र शून्य. शून्याखेरीज उत्तर नाही, लेखिकेचं उत्तर चूक आहे. यात अधिक सांगण्यासारखं काही नाही.

थोडक्यात, जगात एकही पेशी नाही असं मी सिद्ध केलं. ते लिहिणारा माझा हात पेशींचाच होता, पण तेवढं माझ्या डोक्यात आलं नाही. संपादकाने निबंध परत केला. मी त्या दिवशी जेवण झाल्यावर चांगली तासभर वामकुक्षी घेतली, हेही मला पक्कं आठवतं.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दर वर्षी एक उदाहरण शिकवतो. एक फंक्शन असं असतं की शून्यापाशी ते अगदी सपाट. त्याची तिथली सगळी डेरिव्हेटिव्हज शून्य, एकूण एक. आणि तरी ते पुढे गेल्यावर हळूच डोकं वर काढतं. मुलांना ते पटत नाही, म्हणून मी जरा रंगवून सांगतो. सगळी लक्षणं शून्याची दिसली म्हणून एखाद्याला शून्य समजू नका, असं एक वाक्य मी तिथे दर वर्षी टाकतो आणि मुलं ते वहीत लिहून घेतात. तीन वर्षांपूर्वी हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. तिच्या निबंधावरच्या निकालातलं ‘म्हणून फंक्शन सर्वत्र शून्य’ मला दिसलं. जी चूक करू नका म्हणून मी तीस वर्षं घसा कोरडा करत होतो, तीच मी सहीशिक्क्यानिशी करून ठेवली होती.

डोकं दुखतंय सांगून मी वर्ग सोडला. घरी येऊन जुनी फाइल काढली, तिचा निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तो बरोबर होता. निम्म्याकडे बघणाऱ्या समीकरणांत माझी सिद्धता चालते, दुपटीकडे बघणाऱ्यांत चालत नाही. तिथे शून्यापासून निघूनही उत्तर उभं राहू शकतं. त्या शाखेतल्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं. मी त्या शाखेतला नव्हतो आणि तसं सांगायला मला कमीपणा वाटला होता.

मग मी काय केलं? काही नाही. फाइल परत कपाटात ठेवली. तो संपादक आता निवृत्त झाला असेल, म्हटलं. ती पण विसरून गेली असेल, आता जुनं उकरून तिलाच त्रास. पुढच्या आठवड्यात बघू. परीक्षा संपल्या की बघू. मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून मी तिचं नाव दोनदा उत्तरपत्रिका तपासनीसांच्या यादीत घातलं, जणू तिच्यावर उपकारच करतोय. आणि गेल्या वर्षी ती कॉलेजच्या व्हरांड्यात भेटली तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “काय शंकाबाई, संशोधन काय म्हणतंय?” ती म्हणाली, आता वेळ होत नाही सर. मी मान डोलावली. अशी मान डोलावणाऱ्या माणसाला दोन थोबाडीत द्याव्यात, असं मला आज वाटतं.

यंदा आमच्या विभागात एक कायमची जागा निघाली. अर्जासाठी वयाची मर्यादा होती आणि तिचं ते शेवटचं वर्ष. निवड समितीत आम्ही तिघं होतो: विभागप्रमुख, जे कधीकाळी माझे ज्युनिअर होते, बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ, आणि ज्येष्ठ म्हणून मी. मुलाखती सुरू होण्याआधी विभागप्रमुखांनी एक छापील कागद आमच्यापुढे ठेवला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला. उमेदवाराच्या संदर्भात निवडीवर परिणाम करील अशी कोणतीही गोष्ट मी माहीत असून लपवलेली नाही. लपवल्याचं दिसून आलं तर सगळी निवड रद्द होऊन मुलाखती पुन्हा होतील. आम्ही तिघांनी सह्या केल्या. तज्ज्ञांनी तर वाचन चालू असतानाच केली.

ती चौथी आली. साडीला पिन नीट लावलेली, हातात एक पातळ फाइल. शिकवण्याबद्दलचे प्रश्न तिने सहज झेलले. मग तज्ज्ञांनी तिचा अर्ज उलटून बघितला आणि विचारलं की पीएच.डी.नंतर एकच निबंध, आणि मग एकदम काही नाही, असं का. ती म्हणाली, एक पाठवला होता, तो परत आला. का परत आला? परीक्षकांचं म्हणणं होतं की त्या समीकरणाला शून्याखेरीज उत्तर नाही.

“आणि आहे का?” तज्ज्ञांनी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण स्वच्छ. आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघून गुणांच्या रकान्यात आकडा लिहीत होतो. नऊ लिहिले. दहापैकी नऊ. मला वाटलं, हे झालं, मी माझं काम केलं.

तज्ज्ञांनी पुढे विचारलं, मग संपादकांना तसं कळवलं का नाही? तिने हातातली फाइल मांडीवर सरळ केली. “तेव्हा जमलं नाही,” एवढंच म्हणाली. तज्ज्ञांनी पेनाचं टोपण लावलं. त्या एका उत्तरावर तिचे गुण गेले, हे मला समोर बसून दिसत होतं. जिला स्वतःच्या कामासाठी भांडता येत नाही ती संशोधन काय करणार, असं ते नंतर म्हणालेही. त्यात त्यांची काही चूक नव्हती. एका वाक्याचं काम होतं. तो परीक्षक मी होतो आणि माझं चुकलं. सात शब्द. ते बोलायच्या ऐवजी मी नऊचा आकडा पुन्हा गिरवला.

बेरीज झाली. दुसऱ्या एका उमेदवाराला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त पडले. विभागप्रमुख इतिवृत्त माझ्याकडे सरकवत हळहळले, “हिचा तो एक निबंध छापलेला असता ना सर, तर दुसऱ्या कुणाचा विचारच करावा लागला नसता.” पेन माझ्या हातात होतं. मी सही केली. नेमणुकीचं पत्र दुसऱ्या दिवशी पाच वाजता निघणार होतं.

घरी आल्यावर हिने विचारलं की चेहरा का असा. माझी बायको तीस वर्षं इस्पितळात नर्स होती, तिच्यापुढे आजारपणाचं सोंग चालत नाही. मी सगळं सांगितलं. एरवी ती माझ्या गणितावर कंटाळून उठून जाते, त्या दिवशी भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “आमच्याकडे चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं तर आधी डॉक्टरांना सांगायचं, मग देवाला. पेशंट हसत बसलेला असला तरी. तुम्ही तीन वर्षं पेशंटची विचारपूस करत फिरलात.”

मी म्हटलं की उद्या विभागप्रमुखांना पत्र देतो. ती म्हणाली, द्या. पण आधी तिला सांगा, नाहीतर तिच्याबद्दलची गोष्ट तिला सोडून सगळ्या गावाला कळायची.

सकाळी मी पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं, मला तसं लिहिता येतं. नऊ वर्षांपूर्वी सदर निबंधाचा परीक्षक मी होतो. निबंध बरोबर होता व माझा अभिप्राय चुकीचा होता, हे नुकतेच माझ्या लक्षात आले आहे. त्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. दोनदा वाचलं. वाचता वाचता मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटायला लागलं, हेही कबूल करतो. उतारवयात स्वतःची चूक उघडपणे मान्य करणारा मोठ्या मनाचा माणूस, असं काहीतरी त्या कागदातून दिसत होतं. ‘नुकतेच’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. सवयीने नाही, चुकून नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक शिकवणी वर्ग आहे, ती हल्ली दुपारी तिथे असते. मी तीन वाजता पोचलो. जिना अरुंद, खालून रबर आणि ग्रीसचा वास वर येणारा. खोलीत बाकांच्या पाच रांगा, एक फळा, टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग. तास साडेतीनला होता. मला दारात बघून ती उठून उभी राहिली आणि खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. खिशातलं पत्र काढून तिच्या हातात दिलं.

ती वाचत होती तेव्हा मी फळ्याकडे बघत उभा राहिलो. वाचून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. उलट तिचा चेहरा सैलावला. जणू कसलंतरी ओझं उतरलं.

“मला माहीत होतं सर, तुम्हीच होतात ते,” ती म्हणाली. “शेवटचं वाक्य तुमचं होतं. वर्गात रोज ऐकलेलं.”

आणि चूक? मी विचारलं. चूक कधी कळली?

त्याच संध्याकाळी, ती म्हणाली. संपादकांना पत्रही लिहिलं होतं, पण पाठवायला हात होईना. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुमचं तुम्हाला कळलेलं बरं, असं वाटलं. दर वर्षी ते उदाहरण शिकवता, एखाद्या वर्षी लक्षात येईलच. एक वर्ष वाट बघितली, दोन वर्षं बघितली, मग त्या निबंधाकडे परत वळावंसंच वाटेना. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. एखाद्या जुन्या आजाराबद्दल सांगावं तसं सांगत होती.

“काल तुमच्याकडे बघितलं मी,” ती म्हणाली. “मग लगेच वाटलं, नको. सरांना अजून ठाऊक नाही. आत्ता पुढे बोलले तर तिथे सगळ्यांसमोर त्यांना कळेल. ते बरं दिसणार नाही. म्हणून गप्प बसले.”

म्हणजे ते दोन गुण तिने मला झाकायला घालवले होते.

मी तिथेच थांबू शकलो असतो. पत्र तिला पटलं होतं. तिच्या लेखी मी एक चुकलेला, पण सरळ माणूस होतो आणि तेवढं पदरात पाडून मी जिना उतरू शकलो असतो. खरं सांगायचं तर एक पाऊल मी दाराकडे टाकलंही. पण मी गेलो असतो तर तिची जागा गेली होती. नुकतंच कळलं म्हटलं तर ती झाली एक जुनी दुर्दैवी चूक, निवड तशीच राहते. माहीत असून लपवलं म्हटलं तरच मुलाखती पुन्हा. ते छापील कागदावर होतं, माझ्या सहीच्या वर.

“तीन वर्षं झाली,” मी म्हणालो.

“कशाला?”

“लक्षात येऊन.”

तिला पटकन अर्थ लागला नाही. मग लागला. ती टेबलाला टेकून उभी राहिली आणि मनात काहीतरी मोजत असल्यासारखी वह्यांच्या ढिगाकडे बघत राहिली.

“गेल्या वर्षी व्हरांड्यात भेटलात तेव्हा?”

“माहीत होतं.”

“काल?”

“हो.”

मग मी नियमाचंही सांगितलं. ‘नुकतेच’ लिहिलं तर काही होणार नाही, खरं लिहिलं तर मुलाखती पुन्हा होतील, आणि माझ्यावर चौकशी बसेल, पुन्हा कुठल्या समितीवर घेणार नाहीत. हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. कदाचित तिने ‘राहू द्या सर’ म्हणावं अशी एक शेवटची हाव त्यात असेल.

तिने विचारलं, “हे सगळं तुम्हाला सकाळी पत्र लिहिताना माहीत होतं?”

मी हो म्हणालो.

तिने ढिगावरचं लाल पेन उचललं आणि पत्रासकट माझ्यापुढे धरलं. पहिल्या बाकाकडे मानेनेच खूण केली. मी बाकावर बसलो. गुडघे मावत नव्हते. ‘नुकतेच’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘तीन वर्षांपूर्वीच’. पुढे लिहिलं की काल समितीत बसताना मला हे माहीत होतं, मी ते लपवलं आणि तशा कागदावर सही केली. साठी ओलांडलेल्या माणसाचं अक्षर त्या दोन ओळींत पहिलीतल्या पोराचं झालं. कागद तिला दिला.

तिने तो पहिल्या शब्दापासून वाचला. वाचून खाली ठेवला नाही.

“माझा निबंध कुठपर्यंत वाचला होतात तेव्हा?”

“तिसऱ्या पानापर्यंत.”

“सातव्या पानावर तुमच्या शंकेचं उत्तर होतं,” ती म्हणाली. “तेच सपाट फंक्शन घेतलं होतं. खाली तळटीप होती, हे उदाहरण मला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवलं गेलं. शिकवणाऱ्यांचे आभार. तुमचं नाव होतं.”

मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी फाइल काढली तेव्हा मी ते सातवं पान वाचलं होतं, आणि त्या पानामुळेच फाइल परत कपाटात गेली होती. इथवर मी ते तुम्हालाही सांगितलेलं नाही.

“तेही लिहा,” ती म्हणाली.

मी तेही लिहिलं. जिन्यावर मुलांच्या चपला वाजायला लागल्या होत्या. सही केली, तारीख घातली, पत्र पुन्हा तिला वाचायला दिलं आणि निघण्यासाठी उठलो. विभागप्रमुखांचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर, पाचला अजून दीड तास होता. पत्र परत घ्यायला मी हात पुढे केला. तिने पत्र घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन ओढली.

“मीच नेऊन देते,” ती म्हणाली. “तुम्ही मुलांना सांगा, तास चार वाजता सुरू होईल.”

मुलं आत येत होती, तिला वाट देत होती. मी बाकापाशी उभा राहून त्यांना सांगितलं, बाई एक पत्र देऊन येतायत, तास चारला. एकीने विचारलं की तुम्ही कोण. मी म्हणालो, कुणी नाही, आणि जिना उतरलो.